गोजरबाईंनी ओळखलेला माणूस

गोजरबाई खोटं बोलत नव्हत्या, याबद्दल कोर्टात कोणालाच शंका नव्हती. अडचण तिथेच होती.

१९९५ सालचा फेब्रुवारी महिना. नगरच्या सेशन्स कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात याकोब साळवे उभा होता. श्रीरामपूरकडचा टेम्पो ड्रायव्हर. आदल्या एप्रिलमध्ये त्याच्या गावाजवळच्या एका वस्तीवर, तिन्हीसांजेला वीज गेलेली असताना, तोंडाला उपरणं गुंडाळलेला माणूस गोजरबाईंच्या घरात शिरला. त्याने त्यांच्या नवऱ्याचा हात काठीने मोडला, गोजरबाईंच्या गळ्यातलं डोरलं ओढलं आणि तो उसात पळाला. नवऱ्याला मोतीबिंदू, त्याला काही दिसलं नाही. गोजरबाईंनी कंदिलाच्या उजेडात चोराचे डोळे पाहिले.

त्या संध्याकाळी याकोबचा टेम्पो त्या रस्त्यावर दिसला होता, एवढ्यावरून पोलिसांनी त्याला उचललं. तुरुंगात नायब तहसीलदारांनी ओळख परेड घेतली. सारख्या बांध्याची माणसं, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. गोजरबाई रांगेसमोरून चालत गेल्या आणि त्यांनी याकोबच्या खांद्यावर हात ठेवला. "जराही घुटमळल्या नाहीत," असं नायब तहसीलदारांनी साक्षीत सांगितलं. डोरलं कुठेच सापडलं नाही, पण ही ओळख वजनदार होती. गुन्हा सिद्ध झाला तर याकोबला किमान सात वर्षं होती.

"मी त्या म्हातारीला कधी बघितलं पण नाही, मॅडम," तो त्याच्या वकील भारती कोठारी यांना भेटीत सांगत राहिला.

धागा मिळाला तो याकोबच्या बायकोकडून. गावात दरवर्षी गुड फ्रायडेला चर्चच्या मैदानात प्रभूच्या दुःखसहनाचा देखावा होतो. याकोब त्यात चाबूक मारणारा रोमन शिपाई होतो. त्या वर्षी शेजारच्या वस्तीवरच्या छबूबाईने गोजरबाईंना सोबत आणलं होतं. चोरी त्यानंतर थोड्याच दिवसांनी झाली.

भारतीबाईंनी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. त्या त्यांच्या जुन्या सरांना, प्राध्यापक जालिंदर मोरे यांना भेटल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"ओळखीचा चेहरा दिसला की मन म्हणतं, हा माहितीतला. कुठे पाहिला, ते मात्र मन अनेकदा स्वतःच भरून टाकतं. माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही."

"मग मी तिला कसं खोडून काढू?"

"खोडून काढू नका. दरडावलंत तर ती जास्त ठाम होईल. तिला त्या मैदानात परत नेऊन उभं करा. ऊन, आवाज, शेजारी कोण, सगळं विचारा. आणि मग गप्प बसा."

"आणि ती म्हणाली, शिपाई वेगळा आणि चोर हाच, तर?"

"तर तुमचा माणूस गेला," सर म्हणाले.

उलटतपासणी सुरू झाली. भारतीबाईंनी आवाज चढवला नाही.

"आजी, गेल्या वर्षी गुड फ्रायडेचा देखावा बघायला तुम्ही छबूबाईबरोबर गेला होता?"

"व्हय. गेल्ते की."

सरकारी वकील उठले. "साहेब, हा खटला आहे की नाटक?"

"नाटक त्यांच्या गावात झालंय," न्यायाधीश म्हणाले. "ऐकू या. बसा."

"कुठे उभ्या होता, आजी?"

"लिंबाखाली. छबू म्हनली, हितं सावली हाय. लई ऊन हुतं. पाय भाजत हुते."

"कानावर काय येत होतं?"

"पेटी वाजत हुती. एक लेकरू रडत हुतं, त्याची आय त्याला गप करीना." गोजरबाईंनी डोळे मिटले. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. "मग त्या देवाला आनलं. अंगावर लाल रंग. रंगच हुता, ठावं हाय मला. पन चाबूक वाजला की मी छबूचा हात धरायची. मी छबूला म्हनलं, त्याला म्हनावं पुरं कर की रं मुडद्या."

कोर्टात कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"चाबूक मारणारा कसा दिसत होता?"

"तेलाच्या डबड्याचा टोप घातलेला. त्यालाच म्होरं पत्रा लावून नाकतोंड झाकलं हुतं. नुसतं डोळं दिसत हुतं. असं माझ्याकडंच..."

भारतीबाई गप्प राहिल्या. टंकलेखकाचे हात यंत्रावर थांबले.

गोजरबाईंनी डोळे उघडले आणि पिंजऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला, जिथे डोरलं असायचं.

"ह्यो तर त्यो शिपाई," त्या हळूच म्हणाल्या. मग न्यायाधीशांकडे वळून त्यांनी विचारलं, "मंग माझ्या घरात कोन आलं हुतं, साहेब?"

वर्षानुवर्षं साक्षी ऐकलेली माणसं त्या बाईकडे बघत राहिली. शपथेवर, मनापासून, अगदी खरेपणाने सांगितलेली गोष्ट त्यांच्यासमोर मुळापासून उसवली होती. ती उसवली होती त्या बाईनेच.

सरकारी वकिलांनी फेरतपासणीत एक प्रयत्न केला. "बाई, नीट आठवा. चोर हाच होता ना?"

"आठवतेच हाय की. त्या मानसाच्या जागी मला ह्योच दिसतोय. टोप काढून, उपरनं बांधून उभा हाय. आता त्यो चोर मला दिसंना झालाय. साहेब, तुमी तेवढं नका विचारू. शपथ घेतलीय मी."

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. साक्षीदार पूर्णपणे प्रामाणिक आहे, असं न्यायाधीशांनी नोंदवलं, आणि लगेच पुढे, तिच्या ओळखीवर शिक्षा देता येणार नाही, असंही. ही दोन्ही वाक्यं एकाच साक्षीबद्दल होती. याकोब सुटला. खरा चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

निकाल ऐकायला गोजरबाई छबूबाईला घेऊन आल्या होत्या. व्हरांड्यात त्यांनी याकोबला गाठलं. त्याची बायको मध्ये येऊ लागली, त्याने तिला हाताने थांबवलं.

"पोरा, तू न्हवतास हे मला कळलंय," गोजरबाई म्हणाल्या. "पन डोळं मिटलं की अजून तूच येतो रं काठी घिऊन. मी काय करू?"

याकोब म्हणाला, "तर मग घरी या, आजी. च्या प्यायला. डोळं उघडं ठेवून बघा मला. चार वेळा या."

त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"यीन," त्या म्हणाल्या. "पन छबूला संगट घिऊन."