सोनमच्या उजव्या पायाजवळची जागा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जुनी आहे आणि मत्सरीही आहे. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपले गुण पुढे करतो. मी माझा अवगुण पुढे करते, म्हणजे नंतर कुणी मला बोल लावायला नको. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी जी पत्र्याची छोटी डबी असते ना, ती मी. शिकलेले लोक मला पेडल म्हणतात. सोनमच्या घरात मात्र मी पिवळी डबी. गिटारची वायर माझ्यात एका बाजूनं शिरते आणि दुसऱ्या बाजूनं निघून स्पीकरकडे जाते. पायानं माझं बटण दाबलं की गिटारचा गुळगुळीत आवाज एकदम खरखरीत आणि दणकट होतो. माझी जागा एकच, सोनमच्या उजव्या पायाजवळ. त्या जागेवर दुसरं कुणी आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म सोलापुरात, नव्या पेठेमागच्या एका बोळात झाला. सोनमचे मामा ज्ञानबा यांचं तिथे रेडिओ-टेप दुरुस्तीचं एवढंसं दुकान होतं. मामा केम गावचे. सकाळच्या गाडीनं यायचे आणि दिवसभर खाली मान घालून तुटक्या तारांना डाग देऊन जोडायचे. सोनम तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे वडील हरिबा सांगोल्याकडे मेंढरं राखायचे आणि बिरोबाच्या जत्रेत धनगरांच्या गजी नाचाचा ढोल वाजवायचे. मामांनी भाचीला एक जुनी गिटार आणून दिली होती आणि पोरीनं हट्ट धरला होता की आप्पांच्या ढोलाबरोबर आपण ओवीची चाल वाजवायची. पण हरिबांनी ढोलावर टिपरू टाकलं की गिटार कुठल्या कुठं बुडून जायची.

म्हणून मामांनी मला घडवलं. एका मोडक्या अँप्लिफायरचा पत्रा कापून माझं अंग केलं, बंद पडलेल्या रेडिओची बटणं मला लावली आणि टेम्पोच्या पाटीसाठी आणलेला पिवळा रंग उरला होता तो मला फासला. हरिबांना त्यांनी ढोल घेऊन बोळात उभं केलं. ढोल वाजतोय, सोनम गिटार छेडतेय आणि मामा माझ्या पोटातले बारीक बारीक भाग काढतायत, दुसरे घालतायत, असं दोन दिवस चाललं. शेजारच्या शिंप्यानं कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी ढोलाच्या ऐन दणक्यात गिटार लख्ख ऐकू आली आणि मामांनी माझे चार स्क्रू आवळले.

पुढची सात-आठ वर्षं माझी होती. जत्रा म्हणू नका, बारसं म्हणू नका, शाळेचं गॅदरिंग म्हणू नका. लोक वाकून विचारायचे, ही डबी कुठून आणली? सोनमची आई बाळाबाई जत्रेत गिटारवर भंडारा टाकायची तेव्हा चिमूटभर माझ्यावरही टाकायची. तरी माझं समाधान होत नव्हतं. गिटार सोनमच्या मांडीवर बसायची आणि मी पायाखाली, हे माझ्या डोळ्यांत खुपायचं. सोनमच्या गळ्यातल्या गिटारच्या पट्ट्याचासुद्धा मला हेवा वाटायचा. इतकं कौतुक होत असताना मी असं नाक मुरडत बसले, त्याची शिक्षाच मला पुढे मिळाली असं मला कधी कधी वाटतं.

सोनम नर्सिंगच्या शिक्षणासाठी सोलापूरला गेली. गिटार भिंतीवर लटकली आणि मला लोखंडी ट्रंकेत, घोंगडीखाली ठेवलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. अंधारात माझ्या पोटात काहीतरी चुरचुरायला लागलं. मला वाटलं, हा माझा मत्सरच असणार. वर गिटारला निदान भिंत दिसतेय, वारा लागतोय, या विचारानं मी जळत पडले होते.

मग एके दिवशी ट्रंक उघडली. सोनमला सोलापुरात एका दवाखान्यात नोकरी लागली होती आणि सुट्टीच्या दिवशी ती महानंदाताईंच्या गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवू लागली होती. तिनं मला पिशवीत टाकलं तेव्हा मी हरखून गेले. चला, आपले दिवस परत आले! पिशवी उघडली ती एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात, आणि सोनमचं बोलणं ऐकून माझं काळीज चरकलं. ती मला तिथे वाजवायला नाही, बदलीत द्यायला घेऊन आली होती. जुनी डबी द्यायची आणि नवी न्यायची.

मित्रांनो, त्या दुकानात काय काय होतं म्हणून सांगू! काचेच्या कपाटात डब्यांची रांगच्या रांग. एक आवाज घुमवणारी, एक आवाज हेलकावे घेत पाठवणारी, एक पायानं दाबली की लहान मुलासारखी रडणारी. सगळ्यांच्या अंगावर चकचकीत रंग, कपाळावर दिवे. काउंटरवरच्या माणसानं मला बोटानं उलटंपालटं केलं आणि ही मिसरीची डबी आहे का, असं विचारलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण सोनम हसली, ते मात्र मला फार लागलं.

तिनं निवडली एक निळी. एक सूर वाजवला की ही निळी तो सूर तीन-चार वेळा परत म्हणून दाखवायची. दुकानात काचेची एक बंद खोली होती. तिथे थंड हवेत, कानांना हेडफोन लावून सोनम तासभर तिच्याशी खेळत बसली. प्रत्येक सुरामागे सूर घुमत होते आणि सोनमचे डोळे आपोआप मिटत होते. माझ्यासाठी तिनं कधी डोळे मिटले नव्हते. दुकानदारानं सांगितलं, आठ दिवस वापरून बघा, पसंत पडली की जुनी आमच्याकडे जमा करा. म्हणजे माझे आठ दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात एका हळदीला पार्टीचा कार्यक्रम होता. निळी उजव्या पायाजवळ विराजमान आणि मी पिशवीत. ढोलवाले उभे राहिले, महानंदाताईंनी गाणं उचललं आणि सोनमनं निळीचं बटण दाबलं. बंद खोलीत जे गोड वाटत होतं त्याचा इथे नुसता चिखल झाला. एक सूर ढोलाबरोबर पडायचा, त्याची नक्कल ढोलाच्या मध्येच पडायची आणि तिसरी नक्कल पुढच्या ठोक्यावर जाऊन आपटायची. ढोलवाल्यांचा ठेका चुकला. करवल्या नाचता नाचता थांबल्या. महानंदाताईंनी हात वर करून गाणंच बंद केलं. सोनमचे डोळे भरून आले होते आणि मी पिशवीत खूश होते. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मी खरोखरच खूश होते.

कार्यक्रम संपल्यावर महानंदाताई तिला बाजूला घेऊन समजुतीनंच बोलल्या. पंधरा दिवसांवर बिरोबाच्या जत्रेचा कार्यक्रम होता, सोनमच्या गावचा, सांगोल्याकडचा. तिथे तर गजीचे वीस ढोल. त्यांच्यापुढे गिटार ऐकू येणार नसेल तर कीबोर्डवाला घ्यावा लागेल, असं त्या म्हणाल्या. कीबोर्डवाला एकदा आला की गिटारचं काम संपलं, हे सोनमला न सांगता कळलं. तिनं रडतरडत मामांना फोन लावला. मामांनी आता दुकान बंद केलं होतं आणि ते केमलाच असायचे. सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "बंद खोलीत डबी निवडत्यात व्हय? दाजींना ढोल घिऊन बोलीव. आन् ती पिवळी बी आण."

ती पिवळी बी आण! मित्रांनो, ते शब्द ऐकून मी पिशवीत फुलून गेले.

रविवारी सकाळी त्या वाद्यांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर हरिबा खांद्यावर घोंगडी टाकून, पोटाशी ढोल बांधून उभे राहिले. दुकानदार आधी कुरकुरला. पण बघता बघता पन्नास माणसं जमली, तेव्हा त्यानं स्वतःच अँप्लिफायर दारात आणून ठेवला. केमहून आलेले मामा एका पायरीवर बसले. एकेक डबी आणायची, सोनमनं ओवीची चाल वाजवायची, हरिबांनी ढोल वाजवायचा आणि मामांनी मान हलवायची, असा तो कार्यक्रम होता. निळी पहिल्याच ठेक्याला बाद झाली. हेलकावणारी ढोलाखाली दबून गेली. रडणारीला रस्त्यावरची माणसंच हसली. एकेक बाद होत होती आणि मी मनात मोजत होते. मग एक लाल डबी आली. बुटकी, जाड, कपाळावर एकच दिवा. तिचा आवाज ढोलाच्या अंगावरून चालत गेल्यासारखा ऐकू आला आणि मामांनी मान खाली-वर हलवली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी म्हटलं, थांब, अजून माझी पाळी यायची आहे. मी ढोलासाठीच जन्मले आहे.

सोनमनं मला दुकानातल्या विजेच्या वायरीवर जोडलं आणि बटण दाबलं. तीन वर्षांनी माझ्यातून सूर गेला. तो इतका भरदार निघाला की हरिबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसले. लाल डबीकडे मी मुद्दाम पाहिलंसुद्धा नाही. मग हरिबांनी टिपरू जोरात मारलं आणि माझा आवाज तुटला. पुन्हा आला. पुन्हा ठोका पडला, पुन्हा तुटला. ढोलाचा हादरा बसला की माझ्यात काहीतरी निसटत होतं आणि मी जीव तोडून धरून ठेवत होते, तरी मला धरता येत नव्हतं. मामांनी हात वर केला. ढोल थांबला.

त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मला तिथेच पायरीवर उघडलं. माझ्या पोटातला चौकोनी सेल फुटला होता. त्याचं पाणी सगळीकडे पसरून वाळलं होतं, त्याची हिरवट-पांढरी पावडर झाली होती आणि तिनं माझ्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या होत्या. ट्रंकेत चुरचुरत होतं ते हे होतं. दुकानदार काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात सोनम खाली बसली.

"मामा, सेल मीच आत ठेवला होता," ती म्हणाली. "तीन वर्षं उघडून बघितलंच न्हाई."

मामा तिला रागावले नाहीत. त्यांनी बोटाला लागलेली पावडर धोतराला पुसली आणि म्हणाले, "लाल घे. जत्रा तोंडावर हाय."

ज्यांनी मला घडवलं त्यांनीच मला बाद केलं, मित्रांनो. त्या क्षणी मला लाल डबीचा आला नसेल एवढा मामांचा राग आला. वर दुकानदारानं सांगितलं की ही आता बदलीतही घेता येणार नाही. जिला टाळायला मी आठ दिवस देव पाण्यात ठेवले होते, ती बदलीसुद्धा आता माझ्या नशिबात नव्हती. मामांनी मला झोळीत टाकलं आणि मी केमला गेले.

जत्रेच्या दिवशी मी मामांच्या ओट्यावर पोट उघडं टाकून पडले होते. संध्याकाळी बाळाबाईंचा फोन आला. वीस ढोलांत पोरीची गिटार लख्ख ऐकू आली, महानंदाताईंनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि आता ती पार्टीत कायमची, असं त्या भावाला सांगत होत्या. मामांनी डोळे पुसले. मलाही आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लालीचं कौतुक माझ्या कानात गरम तेलासारखं गेलं.

मामांचे हात आता थरथरतात. तरी त्यांनी जुन्या दातांच्या ब्रशनं माझं पोट घासलं आणि खाल्लेल्या रेघांच्या जागी केसाएवढ्या तारा जोडल्या. त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सोनम गिटार घेऊन आली. तिनं नवा सेल घालून मला वाजवलं, मामांनी तेलाचा रिकामा डबा बडवून ठेका धरला आणि माझा आवाज एकदाही तुटला नाही. सोनम म्हणाली, "मामा, ह्यो आवाज लालीला येत न्हाई की." मी तर मनातल्या मनात सोलापूरला पोचलेसुद्धा होते.

माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात पडून असलेली उजेडाची बॅटरी असेल, बोलणारी बाहुली असेल, आजोबांचा रेडिओ असेल. ते वापरा असं मी म्हणत नाही. सगळ्यांनाच कायम कोण वापरणार? पण ठेवून देताना एकदा उघडून बघा. ठेवून दिलेल्या वस्तू बोलत नाहीत, आणि कुणी बघितलं नाही तर आतल्या आत खराब होतात.

वाजवून झाल्यावर सोनमनं मला उलटं केलं, झाकण उघडलं आणि आतला सेल काढून घेतला. सेल काढला म्हणजे लगेच वाजवायचं नाही, उजव्या पायाजवळची जागा लालीचीच. मग तिनं माझ्या रिकाम्या पोटातून बोट फिरवलं, कुठे ओल तर राहिली नाही ना ते बघायला. नर्स पेशंटचा थर्मामीटर बघते तसा तिनं बोटाचा शेंडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, आणि समाधान होईना म्हणून पुन्हा एकदा फिरवला. मला लालीचा अजून हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण त्या एका दिवसापुरता, मित्रांनो, लालीनं माझा हेवा करावा.