मागं राहिलेला तुकडा

काय बिघडलंय हे ज्याला कळतं, त्याची भीती दुप्पट असते बघा. घाटनांदूरच्या त्या छोट्या दवाखान्यात बाकीचे नुसते घाबरले होते. काय बिघडलंय ते पौर्णिमाला कळत होतं.

भर दुपारी तिच्या वडिलांच्या, आश्रुबांच्या छातीत कळ आली. मंगल सिस्टरनं तारा लावून हृदयाचा आलेख काढला आणि कोपऱ्यातल्या डब्यातून अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडं धाडला. डब्यावर हिरवा दिवा लागला, म्हणजे गेला. तिकडून फोन आला, काहीच आलं नाही. पुन्हा धाडला, पुन्हा तेच. मशीनला पडदा नाही, छापायचा कागद संपलेला, त्यामुळं मोबाईलवर फोटो काढून पाठवायचीही सोय नाही. रक्ताची गाठ विरघळवणारी सुई हाताशी होती, पण आलेख बघितल्याशिवाय ती द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. दुखणं दुसरंच निघालं तर तीच सुई जिवावर बेतायची.

सिस्टर म्हणाली, लाईन खराब हाय. पौर्णिमाची नजर डब्यावर होती. डब्यातली आणि अंबाजोगाईच्या मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याच कंपनीची, आणि त्यातलं माहितीची पाकिटं धाडायचं-जोडायचं काम तिनं एकटीनं लिहिलेलं.

मोठा आलेख एका पाकिटात मावत नाही. तुकडे करून धाडतात, पलीकडं सगळे जमले की जोडतात. ऊसतोडीच्या टोळीचं असतं तसंच; एक कोयता, म्हणजे एक जोडपं आलं नाही तरी मुकादम ट्रक हलवत नाही. पण मुकादम वाट बघतो. पौर्णिमानं मशीनची वाट बघायची मुदत दोन सेकंदांवर आणली होती, कुणी अर्धवट तुकडे पाठवून मशीन तुंबवू नये म्हणून. मुदत टळली की आलेलेही फेकायचे. आणि इथल्या रेंगाळत्या टॉवरवरून शेवटचा तुकडा दोन सेकंदांत पोचतच नव्हता. आपल्या टॉवरचं रडगाणं रोज ऐकणारी पोरगी, पण चाचणी घेतली पुण्याच्या ऑफिसात! घ्या आता.

आश्रुबांच्या कपाळावर घाम डवरला होता. "पोरी, कावून घाबरली एवढी?" त्यांनी विचारलं. खरं सांगायचा तिला धीर झाला नाही.

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. अंबाजोगाईचं मशीन दुरून उघडायची परवानगी तिला होती, आणि छोटा हुकूम एकाच पाकिटात मावतो. पण घाईत पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला. अजून एकदा चुकला तर मशीन दारच लावून घेणार होतं. एकेक अक्षर ओठांत पुटपुटत ती आत शिरली, दोनाचे तीस केले आणि सिस्टरला म्हणाली, धाडा.

हिरवा दिवा लागला. मग फोन वाजला. आलेख आला, झटकाच आहे, सुई द्या आणि लगेच निघा.

सुई दिली, गाडी आली, आश्रुबांचा चेहरा जरा निवळला. तेव्हा कुठं पौर्णिमाला रडू फुटलं. सिस्टरनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"लई येळेवर धावलीस बाई. सिंधुबाईच्या वक्ताला बी असंच झालतं. आमी म्हणलं, लाईनच न्हाई."

सिंधुबाई त्यांची शेजारीण. गेल्याच महिन्यात गेली. तिच्या जलदान विधीला बसून लाईनला शिव्या देणाऱ्या बायांत पौर्णिमाही होती.