शनिवारचे परीक्षक

“मूठभर मुलांवरून तुम्ही शिक्षणशास्त्राला शहाणपण शिकवणार?” शंकरनारायण सरांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत विचारलं.

समोरचा माणूस खरा परीक्षक नाही, पापनाशमच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर आहे आणि त्याच्या अंगातला कोट आपल्या नवऱ्याचा, लग्नातला आहे, हे वेदवतीला पक्कं ठाऊक होतं. तरी उत्तर सुचेना. मग राग आला.

“सर, तुम्ही हे मुद्दाम करता!”

“मग परीक्षक काय चुकून करतो?”

स्वयंपाकघरातून तिच्या नवऱ्याने, त्रिविक्रमने, डोकं बाहेर काढलं. “काफी आता आणू का भांडण संपल्यावर, गे?”

कुंभकोणमच्या त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं जुन्या तंजावरी मराठीत चाले आणि पाहुण्यांशी तमिळमध्ये. दर शनिवारचे पाहुणे ठरलेले. शंकरनारायण सर आणि नाचियारकोविलची शिवकामी. वेदवती धरून तिघंही शाळेत शिकवता शिकवता शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारे. तिघांचेही मार्गदर्शक कामात बुडालेले, म्हणून हे एकमेकांचेच मार्गदर्शक झाले होते.

वेदवतीचा आवाज वर्गात चढला की शेजारचा वर्गही चिडीचूप होई. पण समोर मोठी माणसं बसली की तिचं मांजर होई. पहिल्या सादरीकरणात ती “सर्वांना नमस्कार” म्हणाली आणि “आभार” म्हणून खाली बसली. मधलं सगळं राहून गेलं. आता शेवटची तोंडी परीक्षा होती, तीही भरल्या सभागृहात.

“अक्का, घाबरू नका,” शिवकामी म्हणाली. “तिथे श्रोत्यांनाही प्रश्न विचारता येतात. तुम्ही अडलात तर सर उठतील आणि सोपा प्रश्न विचारतील. ‘या संशोधनाचा शाळांना उपयोग काय?’ एवढंच. हो ना, सर?”

“एवढंच,” सर म्हणाले. पण तोंड असं केलं, जणू गोड पायसमात मीठ पडलंय.

तंजावरच्या त्या सभागृहात घडायचं तेच घडलं. बाहेरगावच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि वेदवती पंख्याकडे बघत उभी राहिली. पंखा फिरत होता, तिचं डोकं बंद. त्रिविक्रमने मांडीवरची पिशवी छातीशी धरली. मार्गदर्शक गोमती मॅडमना दया आली. “तोवर श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?”

सर उठले. नेसूला इस्त्रीची वेष्टी, कपाळावर विभूती. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, तेव्हाच शिवकामीने कपाळाला हात लावला.

“मॅडम, घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असणाऱ्या मुलांवर तुम्ही लिहिलंय. तुम्ही स्वतः मराठी घरातल्या. मग त्या मुलांत तुम्हाला ती मुलंच दिसली, की तुमचंच बालपण? आम्ही कसं ओळखायचं?”

“सर!” वेदवती ओरडली. “हे ठरलं नव्हतं!”

सभागृह खो खो हसलं. परीक्षकांच्या हातातलं पाणी टेबलावर सांडलं. आणि त्या हशात वेदवतीची भीती कुठल्या कुठे गेली. आता तिच्यासमोर आगाऊ प्रश्न विचारणारा एक विद्यार्थी तेवढा उरला.

“ओळखायचं कसं ते सांगते, बसा खाली,” ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. सर बसले. “ही भीती मलाही होती. म्हणून प्रत्येक वर्गात शिवकामी माझ्याबरोबर बसली. आम्ही वेगवेगळ्या नोंदी केल्या, मग ताडून पाहिल्या. जिथे जुळलं नाही तिथे भांडलो. भांडण मिटलं नाही तिथे या सरांनी निवाडा केला. बहुतेक वेळा माझ्याविरुद्ध! एक मूल खिडकीकडे बघत होतं. मी लिहिलं, भाषा कळत नाही म्हणून. शिवकामीने लिहिलं, बाहेर बकरी होती म्हणून. बकरीच होती.”

परीक्षक पुढे सरसावले. पुढचे सगळे प्रश्न त्यांनीच विचारले आणि वेदवतीने एकही सोडला नाही. शेवटी पदवीची शिफारस झाली तेव्हा टाळ्या थांबेनात. बाहेर पडताना परीक्षकांनी सरांना गाठलं. “आपण कोणत्या विद्यापीठात प्राध्यापक?”

“विद्यार्थी होतो,” सर म्हणाले आणि चपला शोधू लागले.

ते “होतो” वेदवतीला खुपलं. परतीच्या गाडीत तिने विचारलंच.

“पीएच.डी.ची मुदत संपली, जूनमध्ये,” सर खिडकीबाहेरच्या भातशेताकडे बघत म्हणाले. “वाढवून मिळाली नाही.”

त्यांचा विषय होता, विद्यार्थ्यांना वाटणारी परीक्षेची भीती. प्रबंध जवळजवळ पुरा होता. तो सादर करायला मात्र त्यांना कधी धीर झाला नव्हता.

“आणि इतके महिने बोलला नाहीत?”

“बोललो असतो, तर शनिवारी तुम्ही माझंच दुःख काढून बसला असता. तुमचं कोण बघणार?”

त्रिविक्रमने पिशवीतून चकलीसारखं मुरुक्कू काढून सरांपुढे धरलं. सरांनी घेतलं आणि बराच वेळ नुसतं हातात धरून ठेवलं.

“शनिवारी येताय ना?” वेदवतीने विचारलं.

“आता तुम्हाला काय गरज?”

“शिवकामीचं राहिलंय. आणि तुमचा प्रबंध मला वाचायचाय. मुदत नसली म्हणून वाचू नये असं कुठे आहे?”

पापनाशमला सर उतरले आणि चालू लागले. मग परत फिरून खिडकीशी आले.

“ते तिसरं उत्तर मात्र कच्चं होतं हं, मॅडम.”

“कच्चं? कसं कच्चं?” गाडी हलली. वेदवतीने गजांना नाक लावून बोलायला सुरुवात केली. सर कानामागे हात धरून फलाटावरून गाडीबरोबर चालत राहिले, फलाट संपेपर्यंत.