ऊबपेटीतल्या बशा

मी एक जुनी ऊबपेटी आहे. कोंबडीची अंडी उबवणारी नव्हे, माणसाच्या पेशी वाढवणारी. मित्रांनो, माझी गोष्ट मी एका साध्या दुपारपासून सांगते.

त्या दुपारी ताडकळसच्या सरजाबाई धापा टाकत, लेकीचा हात धरून परभणीतल्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या. हातापायांच्या नसा सुकवणारा आजार त्यांना जडला होता. लेक, सुकेशनी, त्याच आजाराचा अभ्यास करत होती. आईने दिलेल्या कातडीच्या इवल्याशा तुकड्यापासून तिने माझ्या पोटात, काचेच्या बशांमध्ये, मज्जापेशी वाढवल्या होत्या. माणसाला त्रास न देता आजार बशीत पाहता यावा, औषध आधी तिथेच तपासता यावे, म्हणून.

सरजाबाईंनी माझ्या काचेतून डोकावून विचारले, "काय करायलेत माझी लेकरं?"

"खायलेत आन् झोपायलेत, माय."

"मंग बापावर गेलेत!"

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी सरजाबाईंचा श्वास थांबला.

सरकारने या संशोधनाला अनुदान दिले, म्हणूनच मी कारखान्यातून इथे आले होते. आल्या दिवशी मला हार घातला, माझ्याशेजारी उभे राहून साहेबांनी फोटो काढले. पुढे अनुदानाची मुदत सरत आली. माझ्या दाराचे रबर झिजले, ते कोणी बदलेना. वीज गेली की आमचा सहायक दत्ता इन्व्हर्टरकडे धावे. पुढचे अनुदान हवे, तर बशीतला आजार खऱ्या आजारासारखा वागतो हे दाखवायचे होते. त्यासाठी पेशींना ताण द्यायचा, त्यातल्या बऱ्याच सुकणारच. ते केले नाही, तर मी बंद पडणार आणि सगळ्याच पेशी मरणार.

सुकेशनी रोज येई, पेशींना खाऊ घाली आणि दार लावून घेई. प्रयोगाचे नाव काढीना. आईचे जिवंत असे तेवढेच उरले होते.

शेवटी दत्ता म्हणाला, "ताई, पहिलवानाला नुसतं दूधच पाजायचं का? आखाड्यात कवा उतरवायचा?"

"चितपट झाला तर?"

"घरीच ठिवला तर लढलाच न्हाई म्हनतील."

सुकेशनीने ताण देणारे द्रावण आणि तपासायचे औषध काढले. मग तिने माझे दार उघडले.

पेशी सुकल्या, रुग्णाच्या सुकतात तशाच. मात्र औषध घातलेल्या काही बशांमधले पेशींचे तंतू टिकले. थोडेच, पण टिकले. अनुदान पुन्हा सुरू झाले. मला नवे रबर बसले. आता बोरीच्या, राणीसावरगावच्या रुग्णांच्या पेशीही माझ्या उबेत वाढतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, दुरुस्त करा, पण आधी कामाला लावा. जपणे म्हणजे कोंडून ठेवणे नव्हे.

निकाल हाती आला, त्या दिवशी सुकलेल्या बशा सुकेशनीने स्वतः बाहेर काढल्या. शेवटची बशी तिने दोन्ही हातांत धरली आणि मोठ्याने म्हणाली, "माय, तू लय दमली होतीस. मला दिसायलं होतं. तरी मी थांब, थांबच म्हणत राहिले. जा माय, आता आराम कर."