गुरू खाम्फेंगचा झोपलेला बॉम्ब

भात कापून झालेल्या शेतात सगळं गाव गोल करून बसलं होतं. मधोमध गुरू खाम्फेंग हातोडी घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर दगडावर चेंडूएवढा एक गंजका बॉम्ब ठेवलेला. युद्धात अमेरिकी विमानांनी आमच्या लाओसच्या डोंगरांत असे बॉम्ब कोट्यवधींनी टाकले. न फुटलेले अजून मातीत आहेत.

"इतकी वर्षं मातीत पडून हा रागावलाय," गुरू सांगत होता. "राग उतरवला की लेकरासारखा झोपतो."

त्याने मंतरलेलं पाणी शिंपडलं, बॉम्बला पांढरा दोरा गुंडाळला आणि हातोडी हाणली. पाच वेळा हाणली, तरी काही झालं नाही. बायकांनी हात जोडले. लगेच मनगटाला दोरा बांधून घ्यायला रांग लागली. एका दोऱ्याला एक कोंबडी. दोरा बांधला की म्हणे कुठलाही बॉम्ब खुशाल उचला, फोडा आणि भंगारात विका.

माझं नाव विलाय. बॉम्ब शोधून नष्ट करणाऱ्या पथकात मला नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मी गावात आले ती सेंगमानी नावाच्या शेतकऱ्यामुळे. आठवड्यापूर्वी दोरा बांधून तो माळावर गेला आणि त्याने बॉम्बवर कुऱ्हाड घातली. दोन्ही हात जागीच तुटले. संध्याकाळी जीव गेला. तुटलेल्या मनगटावर दोरा तसाच होता, गाठही सुटली नव्हती.

गुरूला कारण शोधायला वेळ लागला नाही. सेंगमानीच्या बायकोच्या, बुआखामच्या, मनात शंका होती म्हणून मंत्र फिरला, असं त्याने सांगितलं. गावाने ते मान्य केलं. तिच्या हातचं पाणीही कोणी घेईना. आजही ती बांधावर एकटीच बसली होती.

मी पुढे झाले. ओढ्याकाठी आम्ही एक बॉम्ब शोधून लाल काठी रोवली होती. गुरुजींनी तोही झोपवावा, अशी मी विनंती केली. तो म्हणाला, ती जागा अशुभ आहे. मी म्हटलं, हातोडी राहू द्या, नुसतं शेजारी बसा. तर म्हणे आज दिवस बरा नाही. तो हो म्हणाला असता तर मी त्याला अडवलं असतं. खरं सांगायचं तर लगेच नसतं अडवलं.

मग मी दगडावरचा त्याचा बॉम्ब उचलला. हातोडीने चिखल उडाला होता तिथे मला ओळखीची खूण दिसली होती, म्हणून त्याची भीती नव्हती. त्याच्याच मंतरलेल्या पाण्याने मी वरचा चिखल धुतला. खाली करवतीच्या दोन खाचा दिसल्या.

"या खाचा आम्ही घातल्यात," मी म्हटलं. "शाळेत मुलांना दाखवायला आम्ही बॉम्ब रिकामे करतो. गेल्या वर्षी आमच्या पेटीतून तीन चोरीला गेले."

एका बाजूचं भोक मेणाने बुजवलेलं होतं, ते मी नखाने उकरलं. आतून दगडावर वाळू सांडली, मूठभर.

मी वहीत चोरीची नोंद केली होती आणि वही मिटली होती, चोर शोधला नव्हता. सेंगमानीच्या मरणात तेवढा वाटा माझाही आहे.

बुआखाम उठून जवळ आली. "म्हणजे ताई, माझ्या मनात काही नसतं तरी ते मेलेच असते?"

"असते," मी म्हटलं.

ती गावाकडे बघत राहिली. एकानेही मान वर केली नाही. गुरू कोंबड्यांच्या टोपल्या तिथेच टाकून बांधापलीकडे पळाला. त्याच्यामागे कोणी धावलं नाही, कारण त्याच वेळी रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "ताई, आमच्या घराखाली आठ आहेत. मुलांनी गोळा केलेत. मुलं आता तिथेच खेळतायत."

आमची घरं खांबांवर असतात. गावात तशा एकवीस घरांखाली बॉम्ब सापडले. ते नष्ट करायला आम्हाला चार दिवस लागले.

बॉम्बला राग नसतो आणि झोपही नसते. आत दारू असते. कवच गंजलं म्हणून ती मरत नाही. दोऱ्यावर विश्वास ठेवायचाच असेल तर आधी दोरा बांधणाऱ्याला बॉम्बशेजारी बसवून बघा. आणि बॉम्ब दिसला तर हात लावू नका, आल्या वाटेने मागे फिरा आणि आम्हाला बोलवा.