उत्तरेच्या खिडकीची पाचर

ओतिलियाने खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी केली, दाताखाली दाबून ती चपटी केली आणि उत्तरेच्या खिडकीच्या फटीत अंगठ्याने ढकलली. खिडकी गप्प झाली. ती टेबलाशी येऊन बसते न बसते तोच वाऱ्याने पुठ्ठा बाहेर फेकला आणि तावदान पुन्हा खडखडायला लागलं.

"ही कटकटच जाईल बघा, काकू," मार्सियाल म्हणाला.

मार्सियाल हा कास्त्रो शहरातल्या खिडक्यांच्या दुकानातला माणूस. पावाच्या टोपलीशेजारी त्याने प्लास्टिकच्या खिडकीचा एक कापलेला कोपरा ठेवला होता, पांढराशुभ्र, आत दोन काचा. घरदुरुस्तीच्या सरकारी यादीत या घरातल्या म्हातारा-म्हातारीचं नाव एकदाचं लागलं होतं आणि घराच्या सहाही खिडक्या नव्या मिळणार होत्या. फक्त काय हवं ते सांगायचं होतं. प्लास्टिकच्या हव्या तर मार्सियाल आणून बसवणार. लाकडाच्या हव्या तर गावातल्या मिस्त्रीने त्या करायच्या आणि निदान पहिली चौकट तरी पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, तयार दाखवायची. एकदा कागद पुढे गेला की बदल नाही.

ओतिलियाने त्या कोपऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं. समोर बसलेला तिचा नवरा लिसांद्रो हाच गावचा मिस्त्री. शाळेच्या खिडक्या त्याच्या, देवळाच्या त्याच्या, उतारावरच्या निम्म्या घरांच्या त्याच्या. ती तोंड उघडणार एवढ्यात लिसांद्रोने भोपळ्यातल्या माते नावाच्या कडू चहाची नळी ओठातून काढली आणि म्हणाला, प्लास्टिकच्याच लिहा.

तिला वाटलं थट्टा करतोय. पण तो खाली बघत होता. परक्या माणसासमोर आपलं नाक कापलं गेल्यासारखं तिला झालं. आणि ओतिलियाची जीभ अशी, की राग आला की आधी जीभ चालते आणि मग डोकं.

"का रे म्हाताऱ्या? हात थकले तुझे?"

लिसांद्रोने चहाचा भोपळा टेबलावर ठेवला. 

"लाकडाच्या लिहा," तो मार्सियालला म्हणाला. "मी करतो."

आणि तो उठून मागच्या शेडमध्ये निघून गेला. मार्सियालने आपला कोपरा पिशवीत भरला. नक्की काय ते शुक्रवारी लिहू, असं तो बोलला, पण ओतिलियाने ते कानामागे टाकलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

लिसांद्रोची कामाची तऱ्हा सगळ्या बेटाला ठाऊक होती. माप तो कधी लिहून घेत नसे. खिडकीच्या भोकासमोर उभं राहायचं, वीत टाकायची, एक डोळा मिटून बघायचं आणि शेडमध्ये जायचं. तिथून जी चौकट बाहेर यायची ती भिंतीत अशी बसायची की खिळा केवळ रीत म्हणून मारावा. कानावर पेन्सिल असे, पण लग्नापासून तिला एकदाही टोक काढलेलं नाही असं लोक चिडवत. तोही हसून म्हणे, ती शोभेला आहे.

मंगळवारी आणि गुरुवारी ओतिलिया खाली बाजारात लोकरीचे मोजे आणि बटाटे विकायला बसायची. त्या मंगळवारी ती चढण चढून येत होती आणि कुंपणाच्या अलीकडेच तिला वास आला. ती जागच्या जागी थांबली. आलेर्से! तो वास दुसऱ्या कुठल्या लाकडाचा असूच शकत नाही. आलेर्से तोडायला आता बंदी, कुणाच्या घरी फळी असली तर जुनी. लिसांद्रोच्या फळ्या त्याच्या बापाच्या घराच्या. घर मोडलं तेव्हा त्याने त्या उतरवून शेडच्या आढ्यावर ठेवल्या, त्याला तीस वर्षं झाली. पोरीच्या लग्नात पलंगासाठी मागितल्या, तर देतो का? नाही दिल्या. आणि आता त्या त्याने खिडक्यांसाठी काढल्या होत्या, रंधा चालवला होता. ओतिलियाला इतका आनंद झाला की पाठीवरचं ओझं उतरवायचंही तिला सुचलं नाही. ती तशीच शेजारच्या कुंपणाशी गेली.

शेजारीण फिदेलिसा. हिच्या घरात सगळ्यात आधी प्लास्टिक आलं, आणि तेव्हापासून हिला प्रत्येकाच्या खिडक्यांची काळजी.

"तुझ्या म्हाताऱ्याला झेपायचं का गं आता हे?" असं ती मागल्या रविवारीच म्हणाली होती.

"वास घे," ओतिलिया तिला म्हणाली. "घे की. मग बोल."

फिदेलिसाने वास घेतला. नाकारायची सोय नव्हती. शुक्रवारी येईन बघायला, म्हणाली.

पण त्यानंतर ओतिलियाला स्वस्थता अशी लाभलीच नाही. शेडला आतून कडी असे, आणि तो बाहेर पडला की कुलूप. झालं का विचारलं की "होतंय." दाखव म्हटलं की "दाखवीन." मंगळवार गेला, गुरुवार गेला, दुसरा मंगळवार गेला. वास येत होता, चौकट दिसत नव्हती. लिसांद्रो जेवणावरून अर्धपोटी उठायचा. एकदा तिने त्याला उत्तरेच्या खिडकीसमोर नुसता उभा पाहिला, हात लाकडावर ठेवून, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिची चाहूल लागताच तो पडदा सारून बाजूला झाला. आणि ती खिडकी दिवसभर खड खड खड. ओतिलिया पुठ्ठा लावायची, चिंधी लावायची, एकदा तर चमचा खुपसला. बसायची, उठायची, विणकाम घ्यायची, ठेवायची. चुलीशेजारची तेपूची सरपणाची लाकडं बाजाराच्या दिवशी मुळीच कमी होत नव्हती, हेही तिने पाहिलं. तिला वाटलं, लिसांद्रो नवी आणून रचत असेल.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी पावसाने बाजारात चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती लवकर परतली. वास कुंपणापाशीच आला, आजवर आला नव्हता इतका दाट. ती सरळ शेडकडे गेली. शेडला बाहेरून कुलूप होतं. मग तिने वर बघितलं. धुराड्यातून धूर खाली दबून अंगणात उतरत होता, आणि वास त्या धुराला होता.

घरात लिसांद्रो नव्हता. तिने लोखंडी चुलीचं दार उघडलं आणि चिमट्याने निखाऱ्यातून एक तुकडा ओढून काढला. एका बाजूने कोळसा झालेला, दुसऱ्या बाजूने तांबूस, गुळगुळीत, टोकाशी जिभेसारखा कोरलेला. कुसू होतं ते, चौकटीची एक पट्टी दुसरीच्या खाचेत बसवायचं. मिस्त्रीची बायको होती ती, तिला कुणी सांगायला नको होतं. राखेच्या खणात जळके खिळे होते आणि एका कोपऱ्याचं अर्धं लाकूड. म्हणजे खिडक्या होत होत्या आणि चुलीत जात होत्या.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बापाच्या घराचं लाकूड, पोरीला न दिलेलं, आणि ते सरपणाला! केवळ आपलं प्लास्टिकचं खरं करायला! आज याला उभा-आडवा घेते, असं ठरवून ती दाराकडे तोंड करून बसली. तेवढ्यात खिडकी खडखडली. ती चरफडत उठली, पुठ्ठा घेतला आणि रागाने पडदा एरवीपेक्षा लांब, पार टोकाला सारला.

पडद्यामागे, भिंतीच्या फळीवर, पेन्सिलने आकडे लिहिले होते. ८३. त्याच्यावर काट मारलेली. खाली ८६. मग ७९, आणि त्याच्याखाली दोन रेघा, म्हणजे हेच पक्कं. मग तेही खोडलेलं. पुन्हा ८३. शेवटी ६८. एकाच खिडकीची पाच मापं. अक्षर शाळेतल्या पोरासारखं, दाबून दाबून काढलेलं.

ओतिलिया पडदा हातात धरून तशीच उभी राहिली. ज्या माणसाने अर्ध्या गावाच्या खिडक्या डोक्यात ठेवल्या, त्याला इथून शेडपर्यंत एक आकडा नेता येत नव्हता. रविवारी त्याने तिला विचारलं होतं, माझी पेन्सिल कुठंय, आणि पेन्सिल त्याच्या कानावर होती. ती पोट धरून हसली होती. हात थकले का, असं तिने विचारलं होतं. हात नव्हते थकले, कुसू तर नवऱ्या मुलाच्या नखासारखं नीट होतं. तिला आपल्या जिभेची भयंकर लाज वाटली आणि ती भिंतीला कपाळ टेकून रडली.

मग तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. कुसू एप्रनच्या खिशात टाकलं, चुलीत तेपू सारलं, वास जावा म्हणून दार सताड उघडलं. ओल्या फडक्यावर राख घेऊन तिने भिंतीवरचे आकडे घासले, फळी स्वच्छ होईपर्यंत. लिसांद्रो आला तेव्हा ती बटाट्याचे मिल्काओ थापत होती. त्याने टोपी खुंटीला लावली. 

शुक्रवारी मार्सियाल आला, आणि त्याच्या मागोमाग फिदेलिसा, पातेलं परत करायच्या निमित्ताने. लिसांद्रो टेबलाशी बसला होता, टोपी गुडघ्यावर. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं.

"ते लाकडाचं," तो म्हणाला आणि घसा साफ करू लागला.

"प्लास्टिकच्या लिही रे बाबा," ओतिलिया चुलीकडून म्हणाली. "मी विचार बदललाय."

लिसांद्रोने मान वर केली.

"अगं, आणि तो वास?" फिदेलिसा म्हणाली.

वासाचं काय घेऊन बसलीस, ओतिलिया म्हणाली. दर उन्हाळ्यात लाकूड घासा, तेल पाजा, रंगवा. चाळीस वर्षं तेच केलं, गुडघे गेले. आता मला फडकं फिरवलं की लख्ख होणारं हवंय. म्हातारा करायला निघाला होता, मीच म्हटलं, राहू दे.

"मिस्त्रीच्या घरात प्लास्टिक!" फिदेलिसाला हसू आवरेना. "गावभर होईल बघ."

"होऊ दे. माझं नाव घालून सांग."

मार्सियालला टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. लिसांद्रो उठला. एक-एक करत ते उत्तरेच्या खिडकीपाशी आले आणि मार्सियालने पडदा बाजूला केला. लिसांद्रोचा हात टेप धरून थांबला. तो त्या घासलेल्या फळीकडे बघत होता. ओतिलियाने पाठ फिरवली आणि कारण नसताना किटलीत पाणी ओतलं.

"ही चौकट कुणाची?" मार्सियालने विचारलं. "इतक्या वर्षांत काटकोनातून जराही ढळलेली नाही. झिजलीय ती नुसती झडप."

"याचीच," ओतिलिया म्हणाली. "दुसऱ्या कुणाची असणार?"

"पंच्याऐंशी," मार्सियालने आकडा वाचून लिहून घेतला. लिसांद्रोचे ओठ हलले, पंच्याऐंशी.

निघताना दारात फिदेलिसाने त्याला छेडलंच, काय मिस्त्री, बायकोने पाचर मारली ना? लिसांद्रोने टोपी डोक्यावर घातली.

"हिच्यापुढे माझं कधी चाललंय?" तो म्हणाला.

मार्सियाल उताराला लागला, फिदेलिसा आपल्या कुंपणाकडे वळली. घरात मागे म्हातारा, म्हातारी आणि ती खिडकी. वारा वाढत होता. पुठ्ठा उडून चुलीपाशी पडला आणि तावदानाने पुन्हा सुरुवात केली. ओतिलिया पुठ्ठा उचलायला वाकली.

"ते नको," लिसांद्रो म्हणाला. "ते दे."

त्याचं बोट तिच्या एप्रनकडे होतं. खिशाच्या तळाशी, बाहेरच्या अंगाला, कोळशाचा काळा डाग उमटला होता. तिने हळूच खिशात हात घातला आणि कुसू काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.  त्याने ते उलटसुलट केलं, जळकी बाजू अंगठ्याने खरवडली, एकदा फटीकडे बघितलं, एक डोळा मिटून. मग बारीक टोक फटीत घातलं आणि तळहाताच्या बुडाने एकच ठोका मारला.

खिडकी थांबली. दोघं तिच्याकडे बघत उभी राहिली, पाचर आता पडेल मग पडेल म्हणून. उत्तरेचा वारा दोनदा अंगावर येऊन गेला. पाचर हलली नाही.

"नव्या येईपर्यंत टिकेल?" तिने विचारलं.

"न टिकायला काय झालं? आलेर्से आहे ती."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या एप्रनच्या रिकाम्या झालेल्या खिशात ठेवून दिली.