अलगद सुटणारी गाडी

गाडी आधी जागची हललीच नाही. मग दोनदा अडखळली, घरघरली, आणि यादोरावांनी रिमोटचा खटका आणखी जरा ओढताच अशी उसळली, की आंगण ओलांडून थेट पाण्याच्या गुंडावर जाऊन आदळली. गुंड कलंडला. दोन वितींची ती खेळण्यातली गाडी उताणी पडली आणि तिची चाकं हवेत गरगरत राहिली.

मंगलाबाईंनी धावत जाऊन गुंड सरळ केला. धनीराम गाडी उचलायला वाकला. पहिल्यांदा असं व्हायचंच, असं काहीतरी तो हसून म्हणणार होता. पण घरापुढच्या सपरीत खुर्चीवर बसलेल्या यादोरावांकडे त्याचं लक्ष गेलं आणि हसू तिथंच विरलं. यादोरावांनी रिमोट डाव्या हातानं बाजूच्या खाटेवर ठेवून दिला होता. लकवा झाल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द मोजकेच आणि ओढल्यासारखे निघत.

"पाशिंजर... पडला," ते म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मंगलाबाईंना काही कळलं नाही. त्या नवऱ्याच्या खांद्यावरचा पंचा सारखा करून आत गेल्या. धनीरामला मात्र कळलं. गाडी पिशवीत घालून तो एकोडीहून साकोलीला परतला तो मान खाली घालूनच. ज्या माणसाच्या हाताला बरं वाटावं म्हणून हा खटाटोप केला, त्याचाच आपण अपमान करून आलो, हे त्याला वाटेत खात राहिलं.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी साकोलीच्या आगारात दोघांची जोडी लागली होती. यादोराव ड्रायव्हर, धनीराम कंडक्टर, गाडी साकोली–दिघोरी. धावत्या एसटीत ड्रायव्हर बसलेला असतो, जागा मिळालेले प्रवासी बसलेले असतात, उभे असतात ते दांडी धरून असतात. कंडक्टरच्या एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात सुटे पैसे. दांडी धरायला त्याला हातच उरत नाही. त्याचा तोल ड्रायव्हरच्या पायात असतो. धनीरामच्या बरोबरीच्या कंडक्टरांपैकी कोणाची कंबर गेली, कोणाचे गुडघे गेले; एकजण म्हशींचा कळप आडवा आला तेव्हा तोंडावर पडून पुढचे दात गमावून बसला. धनीरामला कधी दांडीकडे हात न्यावा लागला नाही. थांबा दिसायच्या आधीच यादोराव पाय उचलत. गाडी आपसूक दमत यायची, ब्रेक लागायचा तो अगदी शेवटी, नावापुरता. आणि सुटायची तर अशी, की मांडीवर झोपलेल्या लेकराची झोप मोडायची नाही.

हे सगळं त्या काळात धनीरामच्या मनातही आलं नव्हतं. श्वास घ्यावा तसं ते चालू होतं. आधी यादोराव निवृत्त झाले, काही वर्षांनी तो झाला. मग एक दिवस बातमी आली की यादोरावांची उजवी बाजू गेली. आगारातले चार जुने लोक मिळून भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना पाहायला गेले. लिफ्ट बंद होती. बाकीचे पायरीपायरीला थांबत, गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत येत होते. धनीराम वर पोहोचून त्यांची वाट पाहत उभा राहिला, आणि तिथं उभ्या उभ्या त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच दुखत नाही. आत खाटेवर तो माणूस पडला होता. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला धनीरामला खिडकीकडे जावं लागलं.

पाय पुढे बराच सुधारला, यादोराव काठी घेऊन चालू लागले. हात सुधारेना. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता. बोटं हलवली नाहीत तर ती अशीच आखडून बसतील, असं बजावलं होतं. यादोरावांनी तो चेंडू एकदा हातात घेतला, पाहिला, आणि खाटेखाली सोडून दिला. पुन्हा कोणी नाव काढलं की जेवणाचं ताट सरकवत.

धनीरामची मुलगी रुपा पॉलिटेक्निक करून साकोलीतच एका इन्व्हर्टरच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायची. तिनं मोबाईलवर रिमोटच्या गाड्यांची शर्यत दाखवली, तेव्हा धनीरामचं लक्ष गाड्यांकडे नव्हतं, हातांकडे होतं. रिमोट पिस्तुलासारखा डाव्या हातात धरायचा, डाव्या बोटानं खटका ओढला की गाडी पळते, आणि बाजूला असलेलं छोटं चाक उजव्या हातानं फिरवलं की वळते. स्टेअरिंग उजव्या हातात! त्यानं त्याच दिवशी गाडी मागवायला लावली. मोटरीपुढे जो आकडा लिहिला होता तो जितका मोठा तितकी ती चांगली, असं धरून त्यानं सगळ्यात मोठ्या आकड्याची निवडली. त्याचं फळ एकोडीच्या आंगणात दिसलं.

आता रुपानं गाडी उघडून टेबलावर ठेवली. तो मोठा आकडा म्हणजे एका व्होल्टला मोटर किती फेरे घेते ते, असं तिनं सांगितलं. म्हणजे आपण पळायच्या शर्यतीचा घोडा विकत घेतला. पण खरी खोड दुसरीच होती. मोटरीतून तीनच जाड वायरी निघत होत्या, आणि त्या वेग सांभाळणाऱ्या डबीला, कंट्रोलरला, जोडलेल्या होत्या.

"आतमंधी लोहचुंबकाचा दांडा फिरते, बाबा," ती म्हणाली. "तो कुठं थांबला हाय, हे या मोटरीले सांगताच येत नाही. मंग कंट्रोलर अंदाजानं करंट सोडते. अंदाज चुकला का गाडी अडखळते, अन् जुळला का उसळते."

"म्हंजे ड्रायव्हरले गिअर कोणता पडला तेच मालूम नाही."

"तसंच समजा."

रविवारी दोघं नागपूरला गेले. सीताबर्डीच्या एका गल्लीत अशा गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदारानं सवयीनं विचारलं, स्पीड किती पाहिजे. धनीरामनं सांगितलं की स्पीड नकोच, माणूस पायी चालते तेवढी चालली तरी पुष्कळ. पण सुटताना झटका नको आणि थांबताना हिसका नको. दुकानदारानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"इथं जो येते तो स्पीड मागते, काका. तुम्ही पहिलेच हळू मागून राहिले. कोणासाठी?"

धनीरामनं सांगितलं. दुकानदारानं स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं खोकं काढलं. या मोटरीला तीन जाड वायरींखेरीज एक बारीक, चपटी वायर होती. आतला दांडा कुठे आहे हे ती कंट्रोलरला सतत कळवत राहते, त्यामुळे अगदी मुंगीच्या चालीनंही गाडी न अडखळता सुटते. आत तारेचे वेढे जास्त, म्हणून फेरे कमी. मात्र त्या बारीक वायरीची खोबण असलेलाच कंट्रोलर घ्यावा लागेल, नाहीतर सगळं मुसळ केरात. कंट्रोलर मोटरीच्या गरजेपेक्षा जरा जड घ्या, म्हणजे उन्हाळ्यात तापून बंद पडणार नाही, असंही त्यानं सांगितलं. त्यात सुटण्याचा जोर आणि ब्रेकचा जोर वेगवेगळा लावता येत होता. हे ऐकून धनीरामनं तो डबा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला नाही.

बॅटरीपाशी तो चुकणारच होता. तीन सेलची घेतली तर जास्त वेळ चालेल, असं त्याला वाटलं. रुपानं समजावलं की सेल वाढले की वेग वाढतो; वेळ वाढतो तो बॅटरीत भरणाऱ्या करंटनं. तिनं दोन सेलची, कडक कवचाची, जास्त करंट भरणारी निवडली. ती हाताला जड लागली, तेही तिला बरं वाटलं. वजनानं गाडी जमिनीला धरून राहील. दोन्ही सेल सारखे भरणारा चार्जर आणि चार्ज करताना बॅटरी ठेवायची आगीला न भिणारी पिशवीही तिनं घेतली. निघताना दुकानदार म्हणाला, पहिली मोटर इकडे आणून द्या, मी कोणाला तरी देईन. आणि तुमच्या ड्रायव्हरसाहेबांना माझा नमस्कार सांगा.

घराच्या गच्चीवर दोन संध्याकाळी ते दोघं गाडी जुळवत बसले. गाडी दिसायला छोट्या ट्रकसारखी होती. मागच्या हौद्यात धनीरामनं एक काडेपेटी उभी ठेवली. कशाला, असं रुपानं विचारलं, तर तो म्हणाला, हा मी. गाडी सुटली आणि काडेपेटी मागे पडली. रुपानं जोर कमी केला. गाडी थांबली आणि काडेपेटी पुढे पडली. तिनं ब्रेक उतरवला. असं करता करता अंधार पडायच्या सुमारास गाडी गच्चीच्या या टोकाहून त्या टोकाला गेली, वळली, परत आली, आणि काडेपेटी उभीच राहिली. रुपानं बापाकडे पाहिलं. तो कठड्याला धरून खाली रस्त्याकडे पाहत होता.

एकोडीला पोहोचले तेव्हा मंगलाबाईंनी आंगणभर धान वाळत घातलं होतं. भिंतीकडेनं जायला हातभर वाट तेवढी मोकळी होती. जय भीम झाला, पाणी झालं. यादोरावांनी पिशवी पाहिली आणि मान हलवली. आज नको, नंतर पाहू, असं मंगलाबाईही हळूच म्हणाल्या. रुपानं त्यांना बाजूला नेऊन चार्जिंग कसं करायचं ते दाखवलं, बॅटरी लावून ठेवून शेतावर जायचं नाही, फुगलेली दिसली तर वापरायची नाही, असं बजावलं. इकडे धनीरामनं गाडी भिंतीकडच्या वाटेवर ठेवली, रिमोट यादोरावांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि स्वतः बाजूला जाऊन उभा राहिला.

बराच वेळ गेला. मग डावं बोट खटक्यावर आलं.

गाडी सुटली. सुटली हे कळलंही नाही. एवढंच दिसलं की ती मघा होती तिथं आता नाही. यादोरावांची भुवई वर गेली. त्यांनी बोट सैल सोडलं, गाडी दमत दमत थांबली. पुन्हा ओढलं. वाट पुढे धानाला वळसा घालून जात होती. आता चाक फिरवायला हवं होतं. उजवा हात मांडीवरून उचलला गेला, चाकावर टेकला. बोटं वळेनात. गाडी धानाजवळ आली. मंगलाबाई पुढे झाल्या, तर धनीरामनं हात आडवा केला. यादोरावांनी ओठ दाबले, अंगठ्यानं चाक ढकललं, आणि गाडी धानाच्या कडेकडेनं, दाणाही न चिरडता, वळून गेली.

मंगलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

धनीराम खुर्चीजवळ येऊन जमिनीवर बसला. जे भंडाऱ्याच्या दवाखान्यातच बोलायचं होतं, ते त्यानं आता सांगितलं.

"यादोरावजी, मी इतकी वर्सं तुमच्या गाडीत उभा राह्यलो. माह्या बरोबरीचे लोकं गुडघे धरून बसले. माहे आजबी धड हायेत. हे तुमच्या पायाची मेहरबानी हाय. मले हे सांगाचंच राहून गेलं."

यादोराव गाडीकडेच पाहत होते. त्यांचे ओठ हलू लागले, शब्द जुळवायला वेळ लागला.

"आरशात... दिसे," ते म्हणाले. "तू... बसत नव्हता."

कंडक्टरच्या जागेवर कायम कोणीतरी म्हातारी किंवा पोटुशी बाई बसलेली असायची. धनीरामनं ती कधी मागून घेतली नाही. ते त्या माणसानं समोरच्या आरशात पाहिलं होतं, रोज, आणि त्या हिशेबानं पाय ठेवला होता.  धनीरामनं त्यांच्या पायावर हात ठेवला, मित्राच्या ठेवतात तसा, आणि तो तिथंच राहू दिला.

बॅटरी उतरेपर्यंत यादोराव गाडी चालवत राहिले. शेवटी त्यांनी ती आणून आपल्या खुर्चीशी उभी केली आणि उचलून द्यायची खूण केली. रुपानं ती त्यांच्या मांडीवर ठेवली. धानाचं तूस उडून गाडीच्या पुढच्या काचेवर बसलं होतं. यादोरावांनी खांद्यावरचा पंचा ओढला, त्याचं टोक उजव्या हाताच्या आखडलेल्या बोटांत डाव्या हातानं नीट बसवलं, आणि ते काच पुसू लागले. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश.